मोडलेली सावड

दादा,

तू गेल्यावर पुण्याच्या एका पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. आमच्या हेडमास्तरांनी तो पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि ते बाहेर निघून गेले. 'झुंजार कार्यकर्ते' वगैरे ठीक आहे, तसा तू होतासच. पण शेवटची ओळ अशी, की 'विरोधकांनाही आपलेसे करण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती.' सुतक नुकतंच फिटलेलं, आणि ती ओळ वाचून मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू अशी मी वर्गात गेले, तेव्हा चौथीची पोरं भेदरून गप्प बसली.

अरे, तुझा सगळ्यात मोठा विरोधक माझ्याच घरात राहतो. गेली सात-आठ वर्षं तू त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीस. तो माझा नवरा आहे, आणि माझा नवरा होण्याआधी तो तुझा मित्र होता. तुझ्यापाशी ती हातोटी असती, तर निदान मला तरी ती बघायला मिळाली असती.

तू कधी जन्मलास, किती वेळा तुरुंगात जाऊन आलास, कुठल्या मोर्चात पुढे होतास, ते ज्यांना लिहायचं ते लिहितील. त्यांना ते नीट माहीतही आहे. मला तुझ्याशी भांडायचं राहून गेलं आहे, म्हणून मी लिहायला बसले. तू समोर असतास तर दुसऱ्या वाक्याला मला गप्प केलं असतंस. आता ऐकावंच लागेल.

आधी तुझं देणं मान्य करते, नाहीतर म्हणशील, मास्तरीण झाली आणि उपकार विसरली. माझी शाळा आबांनी बंद करायची ठरवली तो दिवस मला लख्ख आठवतो. चौथी झाली होती, पुढं पौडला जायला लागणार होतं. आबा गोठ्यात शेण ओढत होते, आणि तू, मिसरूड नुकतं फुटलेला, दारात उभा राहिलास. आबा म्हणाले, "पोरीची जात, परक्याचं धन. तिला शिकवून काय करायचं हाय?" दुसरं कोणी असतं तर त्यानं सुधारणेवर व्याख्यान दिलं असतं, आणि आबांनी त्याला हाकलून दिलं असतं. तू म्हणालास, "आबा, परक्याचं धन हाय म्हनता, मंग ते मोडकंतोडकं कसं द्यायचं? लोक नावं ठेवतील की." आबा खराटा हातात धरून तसेच उभे राहिले. मग हसले. त्या हसण्यावर मी पौडला गेले, सातवीची फायनल झाले, ट्रेनिंगला गेले आणि आज इथंच जवळ आंबोलीच्या शाळेत पोटापुरतं मिळवते आहे.

तेव्हा तू आबांना त्यांच्याच म्हणण्यात धरलंस. ते तुला जमलं, कारण आबांचं म्हणणं तू नीट ऐकून घेतलं होतंस. दादा, तेव्हा तू ऐकत होतास रे. पुढं तुझी बुद्धी वाढत गेली, वाचन वाढत गेलं, आणि ऐकणं तेवढं कमी होत गेलं. हे असं का होतं, याचा विचार मी इतकी वर्षं करते आहे.

दत्तू तुझ्याच वर्गातला. ओढ्याच्या अलीकडे आपलं शेत, पलीकडे त्यांचं. परीक्षेत एकदा तू पहिला, एकदा तो. तुम्हा दोघांच्या दावणीला एकेकच बैल होता, म्हणून तुमची सावड. शहरातल्या माणसांना सांगावं लागतं, की सावड म्हणजे दोन एकबैल्यांनी आपले बैल एका जुवाला जोडायचे आणि आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या खाचरात औत धरायचं. पण सावड केली की नुसते बैल जोडले जात नाहीत. लावणीच्या दिवसांत दोन्ही घरांची चूल एक होते, एकाच्या घरी ताप आला तर दुसऱ्याच्या घरचा माणूस चिखलात उतरतो.

तुमची सावड म्हणजे गावाला करमणूक होती. मी न्याहारी घेऊन बांधावर यावं, तर औत खाचराच्या मधोमध उभं, बैल चिखलात गुडघ्यापर्यंत बुडालेले, आणि तुम्ही दोघं हातवारे करताय. रशियात काय चाललंय आणि दिल्लीत काय चाललंय. आबा वरच्या बांधावरून ओरडायचे, "आरं, चिखल करताय का निवडनूक लढवताय? बैल झोपाय लागली की!" तुम्ही हसायचात, औत पुढं न्यायचात, आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबायचात. माझं लग्नही त्याच्याशी तूच ठरवलंस. आईला म्हणालास, "त्याच्याकडं दुसरं काय न्हाई, पर डोकं हाय." आई म्हणाली, "डोकं तुला बी हाय, त्यानं काय उजेड पडलाय?" तरी लग्न झालं.

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही. म्हणून यापुढं 'हे' म्हटलं की तुझा दत्तू समज.

तू लाल बावट्यात गेलास आणि हे सरकारच्या पक्षात. पहिली दोन-चार वर्षं त्याचंही काही वाटलं नाही. तू ह्यांना "काय रं, टोपी धुतलीस का?" म्हणायचास, हे तुला "रशियाचं पत्र आलं का?" विचारायचे. मराठी राज्याच्या चळवळीचे दिवस आले तेव्हा चेष्टेला धार चढली. तरी सावड चालू होती, कारण बैलांना पक्ष नव्हता.

मोडलं ते पेपरच्या वाचनावरून. तेव्हा पौडच्या एस.टी.नं दुपारी एकच पेपर यायचा, आणि तू तो वाण्याच्या ओट्यावर बसून लोकांना वाचून दाखवायचास. काय वाचायचास रे तू! म्हातारी माणसंसुद्धा तंबाखू मळायची थांबायची. मी सुट्टीला माहेरी आले की खांबाआड उभी राहून ऐकायची आणि मग तोच पेपर घरी आणून वाचायची. एकदा लक्षात आलं, की तू मधलं मधलं सोडतोस. मंत्र्याचं भाषण सोडलंस. दोरी धरून ओळीनं भात लावायच्या नव्या जपानी पद्धतीवर अर्धं पान होतं, तेही सोडलंस. मी विचारलं, "दादा, ते दोरीच्या लावनीचं ऱ्हायलं की वाचायचं."

तू म्हणालास, "ती बातमी न्हवं. ती सरकारची जाह्यरात हाय."

"पर शेतीचंच हाय ना ते?"

"तुला कळत न्हाई त्यातलं. आदी दोरी देत्यात, मंग तीच गळ्याला लावत्यात."

वाक्य झकास होतं. तुझी सगळी वाक्यं झकास असायची, तीच तर पंचाईत. मी परत सासरी आले आणि ह्यांना ते सांगितलं नाही. पण हे काही ढ नव्हते. पुढच्या आठवड्यात हे स्वतःच ओट्यावर आले, तुझं वाचन संपायची वाट पाहिली, पेपर मागून घेतला आणि तू गाळलेलं सगळं मोठ्यानं वाचायला लागले. तुझा चेहरा मी खांबाआडून बघत होते. तू उठलास आणि पेपर ओढलास.

"हितं इष वाचायचं न्हाई."

"इष हाय का औशद हाय, ते लोकांना ठरवू दे की. तू कोन ठरवनार?"

"मी वाचतो, म्हून मी ठरवनार!"

कोणीतरी हसलं. माझी खात्री आहे, की ते हसू नसतं तर संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. पण चारचौघांत हसू झालं, आणि ते तुझ्यासारख्या हुशार माणसाला मानवलं नाही. मूर्ख माणसाला लोकांच्या हसण्याची सवय असते. हुशार माणसाला कोणी हसलं की त्याच्या आयुष्याचा पायाच हलतो.

आता तू म्हणशील, की बहीण नवऱ्याची बाजू घेते. नाही घेत. ह्यांनी पुढं तोच पेपर आणखी एक मागवून ओढ्याच्या पलीकडे स्वतःचं वाचन सुरू केलं, आणि पहिल्याच दिवशी तुमच्या मोर्चाची बातमी गाळली. मी विचारलं, तर म्हणाले, "तो नुस्ता आरडावरडा हाय. त्यात बातमी कुटं हाय?" झालं. ओढ्याच्या अलीकडच्यांना अर्धा पेपर, पलीकडच्यांना दुसरा अर्धा. अख्खा पेपर वाचणारी दोन्ही काठांवर मी एकटी, आणि मला विचारतंय कोण!

त्याच वर्षीच्या लावणीला सावड मोडली. भांडण करून नाही. तू बैल पाठवला नाहीस आणि ह्यांनी मागितला नाही. गंमत अशी, की ते दिवस सहकाराचे होते. तू गावोगाव सांगत होतास, की शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्याशिवाय तरणोपाय नाही. हेही गावोगाव सांगत होते, की सहकारी सोसायटीशिवाय खेडं वर येणार नाही. तुम्ही दोघं दोन बाजूंनी एकच कीर्तन करत होता, आणि तुमचे दोन बैल आपापल्या गोठ्यात एकेकटे उभे राहून रवंथ करत होते.

लावणीवाचून राबाच्या वाफ्यातलं रोप पिवळं पडायला लागलं. मला राहवलं नाही. पावसात डोक्यावर इरलं घेतलं आणि ओढा ओलांडून तुझ्याकडं आले. तू पडवीत पुस्तक वाचत बसला होतास, वहिनी चुलीपाशी होती.

"दादा, बैल दे. रोप हातचं चाललंय."

"ने की. न्हाई कोन म्हनतंय? पर त्यानं यिऊन न्यावा."

"ते न्हाई यायचे."

"का न्हाई यायचा? त्याचं चुकलं हाय, हे त्याला ठावं हाय म्हून न्हाई यायचा." आणि मग तू सुरू झालास. माणूस वर्गाशी कसा बांधलेला असतो, दत्तूच्या बोलण्यामागं कुणाचे हितसंबंध आहेत, त्याला स्वतःलाही ते कसे कळत नाहीत. सगळं मुद्देसूद. त्यात चूक काढायची तर मलाही पुस्तकं घेऊन बसावं लागलं असतं. मी बैल मागायला आले होते, आणि तू मला माझ्या नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते समजावून देत होतास.

वहिनी फुंकणी खाली ठेवून बाहेर आली. ती म्हणाली, "दोगांची डोकी येक केली तर जिल्हा चालवाल म्हनत्यात लोक. आन् दोन बैल येका जुवाला जोडवंनात तुमच्यानं. आग लावा त्या डोक्याला!"

मी हसले. तू हसला नाहीस. आणि दोन दिवसांत तू बैल विकलास. ऐन लावणीत बैल विकणारा सगळ्या मावळात तू एकटाच असशील. लोकांना वाटलं, पैशाची नड असेल. नड कसली, उद्या कुणी मध्यस्थी करून सावड पुन्हा जोडायला आलं असतं, तर जोडायला बैलच राहू नये, असा तो बंदोबस्त होता. त्या वर्षी तुझं निम्मं खाचर पडून राहिलं, आणि आमचं रोप वय झाल्यावर लागलं, ते भरलंच नाही. वहिनीनं आणि मी दोघींनी जुने तांदूळ पुरवून पुरवून वर्ष काढलं. तुमच्या दोघांच्या भाषणांत त्याचा उल्लेख कधी आला नाही.

पुढं ह्यांनी रेड्यांची जोडी केली, तू भाड्यानं औत आणू लागलास. हे दोरी लावून लावणी करायला लागले. पहिल्या वर्षी पीक चांगलं उतरलं, तर तू म्हणालास, त्यांचं खाचर पाणथळ आहे, कसंही लावलं तरी येणार. दुसऱ्या वर्षी नाही उतरलं, तर हे म्हणाले, खत वेळेवर मिळालं नाही. शेतात काहीही पिको, तुम्हा दोघांच्या कोठारात कारणांची रास पडलेलीच असायची.

शाळेत मला हे रोज दिसतं. ढ पोराचं गणित चुकलं की ते डोकं खाजवतं आणि पुन्हा करतं. हुशार पोराचं चुकलं, की ते म्हणतं, "बाई, गणितच चुकीचं घातलंय." आणि ते इतक्या चांगल्या तऱ्हेनं पटवून देतं, की क्षणभर मीही पुस्तक उलटून बघते. लोक म्हणतात, अडाणी माणूस हट्टी असतो. असतो, पण त्याचा हट्ट उघडा असतो, त्याला लाज वाटू शकते. शहाण्याच्या हट्टाला अंगभर कपडे असतात. तुझ्या हट्टाला तर इस्त्री केलेले कपडे होते, दादा.

तरी तू भाऊबीज चुकवली नाहीस. दरसाल आलास. फक्त उंबरा ओलांडला नाहीस. ओट्यावर पाट मांडून मी तुला ओवाळायची. आणि हे, तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, त्या दिवशी सकाळीच काहीतरी काम काढून रानात जायचे. तुला वाटायचं, तुझं तोंड बघायला नको म्हणून जातात. मी तुला सांगितलं, तर तू म्हणालास, "तू भाबडी हायेस." संध्याकाळी हे परत आले की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "काय म्हनत हुता?"

मग मी सांगायची. दादा म्हणतो, की सोसायटीत ज्याचं घर मोठं त्याचंच नाव वर, खताची पोती पाटलाच्या पडवीत उतरतात आणि तिथंच संपतात. दादा म्हणतो, कुळं म्हणून ज्यांनी तीन-तीन पिढ्या जमीन कसली त्यांची नावं सातबाऱ्यावर लागलीच नाहीत, आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना तर कुणी सभासद करून घ्यायचं नावच काढत नाही. हे ऐकून घ्यायचे आणि एकेक मुद्दा खोडून काढायचे. पुढच्या खेपेला मी ते तुला सांगायची, आणि तू खोडून काढायचास. तुमच्या दोघांमधला वाद सात-आठ वर्षं चालू होता, फक्त तो माझ्या तोंडून चालू होता. मी मध्ये नसते तर तुम्ही एकमेकांना विसरून तरी गेला असता.

कधी कधी मला तुमचा दोघांचा हेवाही वाटायचा. एवढ्या बारकाईनं कोणी माझं म्हणणं लक्षात ठेवलं नाही.

श्रावण लागायच्या सुमारास तुझा दम वाढला म्हणून वहिनीनं बोलावणं पाठवलं. मी आले तेव्हा तू खाटेवर उशांना टेकून बसला होतास, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. बोलायची मनाई होती, आणि तुला बोलायची मनाई म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी तुझे पाय चेपत बसले. मग तू विचारलंस, "त्याची लावनी झाली?"

किती वर्षांनी तू ह्यांची चौकशी केलीस! मी म्हणाले, "झाली."

"दोरीनं?"

"व्हय."

तू खिडकीकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "वळीनं लावलेलं भात दिसाय बरं दिसतं."

तुला काय म्हणायचं होतं? भात दिसायला बरं दिसतं, पण पिकतं तेवढंच? की त्यात एवढं वाईट काही नव्हतं? मला विचारायचं होतं. त्याहून मोठं विचारायचं होतं, की दादा, या सगळ्या वर्षांत रात्री झोप लागत नसताना एकदा तरी तुला वाटलं का, की दत्तूचं बरोबर असेल? पण वहिनी पेज घेऊन आली, तुला ठसका लागला, आणि मी निघाले. मला वाटलं, पुढच्या खेपेला विचारीन.

घरी येऊन मी ते वाक्य ह्यांना सांगितलं. हे घास हातात धरून थांबले. म्हणाले, "म्हंजी तो आपल्या बांदावर आला हुता कवातरी. वरनं वाटंनं जाताना दिसत न्हाई ते." मला हे सुचलंच नव्हतं. दमेकरी माणूस, तू पावसापाण्यात ओढ्यापर्यंत उतरून आमचं भात बघून गेलास, आणि कोणाला बोलला नाहीस. मी म्हणाले, "मग उद्या जाऊन भेटा की." ह्यांनी विचारलं, "बलावलंय का त्यानं?" मी म्हणाले, "नाही." "मंग?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी दोन्ही घरांत बघितला. त्याच आठवड्यात तू गेलास.

तू गेल्याचं कळल्यावर हे चप्पल न घालता निघाले. तुझा उंबरा ओलांडून थेट आत आले, आणि तुला उचलताना पुढचा खांदा ह्यांनी दिला. तुझ्या पक्षाच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, पण बाजूला सरून जागा केली. मी बायकांत बसून ते बघत होते आणि मनात म्हणत होते, आता आलात होय!

तेराव्याला पंगती उठल्यावर माणसं तुझ्याच पडवीत पान खात बसली. ह्यांच्या पक्षाचे एक पुढारीही आले होते, माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. पान जमवता जमवता ते म्हणाले, "गेल्या मानसाबद्दल बोलू नये. पर येक बरं झालं, ह्या टायमाला सोसायटीचं समदं बिनइरोद हुईल. आडवं लावनारं कोन ऱ्हायलं न्हाई."

आत वहिनी भांडी आवरत होती. तिचे हात थांबले.

हे म्हणाले, "बिनइरोद कसं हुईल?"

"का? काय अडचन हाय?"

आणि मग ह्यांनी बोलायला सुरुवात केली. खताची पोती कुणाच्या पडवीत उतरतात आणि कुणापर्यंत पोचत नाहीत. कुठल्या कुळांची नावं लागली नाहीत, आणि तेव्हा चावडीत कोण कोण बसलं होतं. धनगरवाड्यातल्या एकालाही सभासद का केलं नाही. नवी पद्धत चांगली, पण ज्याच्याकडं अर्धं खाचर आणि उसनं औत, त्यानं दोरी धरायला माणसं कुठून आणायची. एकही मुद्दा सुटला नाही. मी तुझे मुद्दे ह्यांना सांगताना काही विसरले होते, काही मला नीट कळलेही नव्हते, ते ह्यांनी स्वतः जुळवून पुरे केले होते. तुझा मुद्दा तुझ्यापेक्षा चांगला मांडला, असं मी म्हटलं तर तू भडकशील. पण खरं सांगू? मांडला. तुझ्या मांडण्यात टोमणा असायचा, ह्यांच्या नव्हता.

पुढाऱ्यांनी विचारलं, "तुमी कदीपास्नं त्यांच्या बाजूनं बोलाय लागला?"

"तो गेल्यापास्नं," हे म्हणाले. "आता ते बोलाय दुसरं हाय कोन?"

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती आत निघून गेली आणि तिनं सगळ्यांना पुन्हा चहा टाकला. कोणी मागितला नव्हता.

माझ्या डोक्यात एकच येत होतं, की हे सगळं तू ऐकायला हवं होतंस. गावात तुला समजून घेणारा एकच माणूस होता, तो ओढ्याच्या पलीकडे राहत होता, आणि तुझा प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. आणि त्याचा प्रत्येक शब्द तुला. एवढं समजून घ्यायची बुद्धी दोघांना होती. समजलंय म्हणून सांगायची मात्र दोघांनाही झाली नाही.

घरी जाताना मी ह्यांना विचारलं, "हे सगळं तुम्हाला पटत होतं?"

ओढा येईपर्यंत हे पुढं पुढं चालत राहिले. मग म्हणाले, "निम्मं पटत हुतं. निम्मं न्हाई. त्या निम्म्यावर भांडाय तरी तो पायजे हुता."

आणि हे तिथंच काठावरच्या दगडावर बसले आणि पोरासारखे रडायला लागले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा, असं बायकोच्या जातीला वाटायला पाहिजे. पण मला तुमच्या दोघांचा एवढा राग आला, दादा, की मी पदर खोचला, एकटीनं ओढा ओलांडला आणि घरी आले.